दहा घोड्यांचा केसपेपर

आत्या रुग्णालयातून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी तिने घरातल्या सगळ्यांचा ताप मोजला. कुणालाच ताप नव्हता. याचं तिला इतकं वाईट वाटलं की चौथ्या दिवशी तिने धुलाई केंद्र काढायचं ठरवलं.

घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बत्तीस वर्षं नर्स आणि त्यातली शेवटची बारा मेट्रन असलेली बाई भावाच्या घरी राहायला आली की त्या घराचा वॉर्ड व्हायला वेळ लागत नाही. पलंगावरच्या चादरींचे कोपरे पाकिटासारखे दुमडले जाऊ लागले. बाबांनी दिवसात किती कप चहा घेतला याची नोंद एका वहीत होऊ लागली आणि त्याखाली बाबांना सही करावी लागू लागली. लिहिलं नाही ते घडलं नाही, असं आत्याचं साधं तत्त्व होतं. तेव्हा ही सगळी शिस्त एखाद्या यंत्रावर उतरणार असेल तर यंत्राचं भलं होवो, असं आई भांडी आवरता आवरता म्हणाली.

या घरात अकरावीतली एक मुलगी होती आणि तिला सगळे भोपळी म्हणत. ती गोल नव्हती. उलट काठीसारखी होती. पाचवीत असताना भागाकाराच्या परीक्षेत तिने दहाच्या दहा गणितांत मोठ्या उत्साहाने गुणाकार केला होता, आणि बाईंनी पेपरावर लाल शाईने जो भोपळा काढला तो पुढे सहा वर्षं तिच्या अंगाला चिकटला. यंदा ती विज्ञानात वर्गात पहिली आली, तर बाबांनी पेढीवर, म्हणजे ते जिथे नोकरी करतात तिथे, सगळ्यांना सांगितलं की आमची भोपळी पहिली आली. आता याला कौतुक म्हणायचं की काय म्हणायचं, ते तिला ठरवता येईना.

तर यंत्र आलं. बंद पडलेल्या एका हॉटेलातून आत्याने ते घासाघीस करून मिळवलं होतं. भलंमोठं पोलादी पिंप, त्याला जहाजासारखी गोल काचेची खिडकी, आणि पोटाखाली एक मोटर. मोटरीला कुणीतरी कधीतरी हिरवा रंग फासला होता आणि तो फासताना तिच्यावरची धातूची पट्टीसुद्धा सोडली नव्हती. पट्टीचा फक्त वरचा कोपरा वाचता येत होता. तिथे लिहिलं होतं, दहा एचपी. दहा घोडे. गॅरेजात, जिथे बाबांनी पंधरा वर्षं न आलेल्या गाडीसाठी जागा राखून ठेवली होती, तिथे एकदम दहा घोडे आले.

आत्याने त्याआधीच रुग्णालयाला शब्द देऊन टाकला होता. सोमवारी सकाळी आठला एकशेवीस चादरी येणार. संध्याकाळी पाचपर्यंत त्या धुऊन, वाळवून, घड्या घालून परत जायला हव्यात. जमलं तर वर्षभराचं काम आत्याला, नाही जमलं तर ते एका बड्या कंपनीला. आणि हा निकाल देणार होत्या नव्या अधीक्षकबाई, ज्यांच्याकडून आत्याने त्या शिकाऊ असताना एकच पलंग चार वेळा आवरून घेतला होता. त्या बाई ते विसरल्या नव्हत्या. आत्याही विसरली नव्हती, आणि तिचं तर म्हणणं होतं की पाचव्यांदा आवरून घ्यायला हवा होता.

एवढ्या मोटरीला घरचा साधा वीजपुरवठा चालत नाही, तिला तीन फेजचा लागतो. म्हणजे तीन तारांतून आळीपाळीने येणारी वीज. त्यासाठी वीज कार्यालयाचा चार पानी अर्ज होता आणि तिसऱ्या पानावर एक रकाना होता: एकूण भार, केव्हीएमध्ये. इथे सगळं अडलं. कारण मोटर बोलत होती घोड्यांत आणि कार्यालय ऐकत होतं केव्हीएत.

पहिला सल्ला शेजारच्या काकांनी दिला. त्यांना सगळे अनुभवकाका म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य ‘माझ्या अनुभवानुसार’ असंच सुरू होई, मग ते पाण्याच्या टाकीबद्दल असो की भूकंपाबद्दल. त्यांच्या अनुभवानुसार तीन तारांत भार वाटला जातो, म्हणून जे काही येईल त्याला तीनने भागून लिहावं. काकांचं आयुष्य जमीनमोजणीत गेलं होतं आणि सगळ्याच गोष्टींचे हिस्से पडतात अशी त्यांची खात्री होती.

बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बाबा कॉलेजात एक वर्ष विज्ञानाला होते. त्या वर्षाचं बाकी सगळं वाहून गेलं होतं, पण एक आकडा गाळात रुतून राहिला होता: एक अश्वशक्ती म्हणजे सातशे शेहेचाळीस वॉट. हा आकडा वापरायची संधी त्यांना अठ्ठावीस वर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

दहा गुणिले सातशे शेहेचाळीस, सात हजार चारशे साठ. म्हणजे हजारांत मोजलं तर जवळपास साडेसात. रकान्यात बाबांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘साडेसात केव्हीए फक्त’. ‘फक्त’ त्यांनी धनादेशाच्या सवयीने लिहिलं.

भोपळी तेव्हा समोरच बसली होती. ती म्हणाली की हे अर्धंच झालं, मोटर जेवढं काम देते त्याहून जास्त ती घेते, म्हणजे पुढे भागाकार करायला लागेल असं वाटतं. कशाने भागायचं ते तिला नीट आठवत नव्हतं. ‘भागाकार’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकताच घरात जो हशा झाला, त्यात तिचं पुढचं वाक्य बुडालं. अनुभवकाकांनी तर डोळे पुसले. अर्ज गेला. अर्जदाराच्या सहीच्या जागी आत्याने हाताच्या सवयीने सही केली आणि खाली लिहिलं: मेट्रन.

गुरुवारी जोडणी झाली. मीटरशेजारी एक छोटं कटआउट बसवलं गेलं, मंजूर भारापेक्षा जास्त वीज ओढली की आपण होऊन खटका पाडणारं, आणि त्यावर कार्यालयाचं सील.

शुक्रवारी दुपारी बाबा मुद्दाम रजा टाकून उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं. मोटर आधी हळू फिरली, मग स्टार्टरची पेटी टक् अशी वाजली आणि पिंपाने वेग घेतला. फक्त ते उलटं फिरत होतं. आत्याने गंभीरपणे सांगितलं की नवीन जागेत रुग्ण असे गोंधळतात. मोटर वाइंडिंग करणारा कारागीर आला, त्याने तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, आणि यंत्र सुतासारखं सरळ झालं. रिकामं पिंप दहा मिनिटं सुरेख फिरलं. बाबांनी जमलेल्या लोकांकडे पाहून मान लववली.

आता खऱ्या कपड्यांची चाचणी. घरच्या चादरी कमी पडल्या, तेव्हा अनुभवकाका मोठ्या मनाने आपले दिवाणखान्याचे पडदे घेऊन आले. वीस वर्षांचे, मातकट रंगाचे. पिंपात जागा उरली म्हणून त्यांनी आपल्या तिन्ही विजारीही टाकल्या. चौथी अंगावर होती, ती रंगकाम करताना घालायची.

यंत्राने पाणी घेतलं, साबण घेतला, घरघर सुरू केली. तिसऱ्या मिनिटाला खट् झालं आणि सगळं शांत.

कटआउट थंड होईपर्यंत थांबून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीन मिनिटं आणि खट्. आता या यंत्राची एक खोड होती. मध्येच वीज गेली की ते झालं गेलं विसरून पहिल्यापासून सुरुवात करायचं: नवं पाणी, नवा साबण. आणि पाणी पोटात असेतो त्याचं दार उघडायचं नाही. शुक्रवारचं ऊन कलेपर्यंत अनुभवकाकांच्या विजारी सात वेळा साबणात न्हाल्या आणि एकदाही खळबळून धुतल्या गेल्या नाहीत. गोल काचेला नाक लावून काका आत बघत उभे होते. मधूनच एक विजार काचेपाशी येई, पाय हलवी आणि निघून जाई.

बाबांचं म्हणणं, मोटर सदोष आहे, ती हक्कापेक्षा जास्त वीज खाते. कारागिराने मोटरीच्या पाठीवर हात ठेवला, कान लावला आणि सांगितलं की मोटर ठणठणीत आहे, तुम्हीच तिला उपाशी ठेवताय. बाबांचा चेहरा पडला. अठ्ठावीस वर्षं जपलेल्या आकड्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. ते आत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले, आणि ते कालचं होतं तरी कुणी बोललं नाही.

आत्या गॅरेजात स्टुलावर बसली होती. तिने वही उघडली होती पण काही लिहीत नव्हती. तिला असं रिकाम्या हाताने बसलेलं भोपळीने कधी पाहिलं नव्हतं.

“सोमवारी त्या बाईला मी फोन करून नाही म्हणून सांगायचं,” आत्या म्हणाली. “बत्तीस वर्षांत मी एकही ड्यूटी चुकवली नाही गं.”

 भोपळीने खिशातलं नाणं काढलं आणि मोटरीच्या पोटाशी आडवी झाली. कडेच्या फटीतून अजून चांगला उजेड येत होता. ती पट्टीवरचा हिरवा रंग खरवडू लागली. आधी वर्ष निघालं, मग एक ओरखडा निघाला, आणि मग एकेक करून आकडे वर आले. दहा एचपी. चारशे पंधरा व्होल्ट. चौदा पूर्णांक सात अँपिअर. कार्यक्षमता अठ्ठ्याऐंशी टक्के. पॉवर फॅक्टर शून्य पूर्णांक ऐंशी.

आत्याही शेजारी वाकली. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

“अगं, हा तर केसपेपर आहे,” ती म्हणाली. “नाडी, ताप, रक्तदाब, सगळं लिहिलंय की. आणि आपण न वाचताच औषध दिलं.”

मग आत्याने जुन्या सामानातून रुग्णालयाचा एक खरा कोरा केसपेपर काढला आणि भोपळीच्या हातात दिला. भोपळीने शाळेच्या ग्रंथालयातलं विजेच्या यंत्रांचं पुस्तक आणून ठेवलंच होतं. पण पेन टेकवताना तिचा हात थबकला. गुणायचं की भागायचं? कार्यक्षमतेने आणि पॉवर फॅक्टरने गुणलं तर उत्तर येत होतं सव्वापाच. भागलं तर दहा पूर्णांक सहा. पुस्तक म्हणत होतं भागा. पण पाचवीतसुद्धा पुस्तकात भागाच म्हटलं होतं, आणि तेव्हाही तिला आपण बरोबर आहोत असंच वाटलं होतं.  सोमवारच्या एकशेवीस चादरी त्या एका चिन्हाला टांगल्या होत्या.

मग तिला सुचलं की ही वाट दुसऱ्या बाजूनेही चालून बघता येईल. घोडे बाजूला ठेवायचे. पट्टीवर व्होल्ट आहेत, अँपिअर आहेत. तीन फेजला दोन्हींचा गुणाकार करून त्याला तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे एक पूर्णांक सातशे बत्तीसने, गुणायचं. तीनने नाही, आणि काकांसारखं तीनने भागायचं तर मुळीच नाही. चारशे पंधरा, गुणिले चौदा पूर्णांक सात, गुणिले एक पूर्णांक सातशे बत्तीस. तिने हातानेच केलं, सावकाश, हातचे वर लिहून. हजाराने भागून उत्तर आलं दहा पूर्णांक सत्तावन्न.

दहा पूर्णांक सहाच की.

दोन वेगळ्या दारांनी आत शिरून ती एकाच खोलीत पोचली होती. भोपळी इतक्या जोरात उठली की तिचं डोकं पिंपावर आपटलं आणि पिंपातून घंटेसारखा नाद आला.

शनिवारी वीज कार्यालय एक वाजेपर्यंत उघडं. साडेदहाला आत्या, बाबा आणि भोपळी तिथे हजर होते, आणि रंगकामाची विजार घालून अनुभवकाकाही, कारण त्यांच्या अनुभवानुसार अशा ठिकाणी चार माणसं दिसली की काम होतं. खिडकीतल्या लिपिकाने फाइल काढली. पहिली हरकत: अर्जावर सही मेट्रन नावाच्या व्यक्तीची आहे, त्या कुठे आहेत? ती मिटायला पाऊण तास गेला. दुसरी हरकत: आठवड्यापूर्वी साडेसात ‘फक्त’ म्हणता आणि आज वाढवून मागता, कोणत्या आधारावर? बाबा पुढे झाले आणि म्हणाले, “सातशे शेहेचाळीस,” आणि तिथेच थांबले, कारण पुढे त्यांच्याकडे काही नव्हतं.

लिपिकाने त्यांना आतल्या अभियंत्यांकडे पाठवलं. ते जेवणाचा डबा उघडून बसले होते आणि चार माणसं पाहून त्यांनी तो बंद केला. आत्याने केसपेपर पुढे ठेवला. अभियंत्यांनी रुग्णाचे नाव या ओळीपुढे ‘मोटर, दहा घोडे’ वाचलं, लिंगाचा रकाना कोरा पाहिला, मग खालची आकडेमोड पाहिली आणि चष्म्यावरून विचारलं, “हे कुणी केलं?”

“मी,” भोपळी म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला.

“का भागलंस? सांग बघू. मला सूत्र नको. मी वीज कार्यालयातला नाही असं समज.”

भोपळीने इकडेतिकडे पाहिलं. सूत्राशिवाय काय सांगणार? मग तिची नजर बाबांवर पडली आणि तिला सगळं स्वच्छ दिसलं.

“साहेब, आमचे बाबा भिंतीत खिळा ठोकतात,” तिने सुरू केलं. “एक खिळा ठोकला जातो, ते झालं काम. पट्टीवरचे दहा घोडे म्हणजे तेवढंच, शेवटी भिंतीत गेलेला खिळा. पण त्याआधी दोन खिळे वाकतात. ते वाया गेले, पण घ्यावे लागलेच. ती कार्यक्षमता.”

बाबांनी घसा खाकरला. अभियंत्यांनी हाताने त्यांना थांबवलं आणि पुढे बोल म्हणून खूण केली.

“आणि खिळा ठोकताना आई स्टूल धरून उभी असते. मी खिळ्यांची डबी धरून. आत्या खालून जरा डावीकडे, जरा उजवीकडे असं सांगत असते. आम्ही कुणीच खिळा ठोकत नाही. आमचं काम शून्य. पण आम्ही उभ्या नसलो तर बाबा चढतच नाहीत. पॉवर फॅक्टर म्हणजे ते. आता घरी माणसं किती हवीत हे ठरवायचं तर खिळे मोजून चालत नाही साहेब, उभी असलेली सगळी माणसं मोजावी लागतात. केव्हीए म्हणजे ती सगळी माणसं. म्हणून भागायचं. भागलं की आकडा वाढतो.”

 दारात लिपिक येऊन उभा होता, तो आधी हसला. मग अभियंते हसले, डब्यावर हात ठेवून, चांगले पोटभर. बाबा भिंतीवरच्या आगीच्या सूचना वाचत होते.

“आणि सुरू होताना?” अभियंत्यांनी डोळे बारीक केले. “तेव्हा मोटर कितीतरी पट ओढते.”

“स्टार्टर आहे तिला. आधी हळू फिरवतो, मग टक् करून पूर्ण वीज देतो. तेवढे काही क्षण कटआउट सोसेल ना?”

“सोसेल,” ते म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. “दहा पूर्णांक सहा म्हणजे पंधराचा टप्पा मंजूर करू. तार आधीच जाड टाकलीय, फक्त कटआउट बदलायचं. आज दुपारी माणूस येईल.”

पण फॉर्मवर आणखी एक रकाना होता, गणना करणाऱ्याचे पूर्ण नाव व पद. अभियंत्यांनी तो भोपळीपुढे सरकवला. तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, प्रगतिपुस्तकावर असतं तसं. पदापाशी थोडी अडली. मग लिहिलं, ‘भाची’. अभियंत्यांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि खाली शिक्का मारला. ते नाव ऐकून अनुभवकाकांनी बाबांना हळूच विचारलं की ही कोण. सहा वर्षं शेजारी राहून त्यांना ते माहीत नव्हतं.

दुपारी कटआउट बदललं गेलं. यंत्र सुरू झालं. तीन मिनिटं झाली.  चार झाली, दहा झाली, यंत्राने साबणाचं पाणी सोडलं, स्वच्छ पाणी घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं, गरगर फिरून सगळं पिळलं आणि शेवटी कडी आपली आपण उघडली. काकांच्या विजारी बाहेर आल्या. पाठोपाठ पडदे आले, आणि ते कुणाचे आहेत हे काकांना ओळखू येईना. त्यांच्यावर निळी फुलं होती. वीस वर्षं त्या मातकट रंगाखाली फुलं होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. काकांनी ते उन्हात धरले आणि बराच वेळ त्यांना कुठलाही अनुभव आठवला नाही.

सोमवारी आठला गाडी आली. बाबांनी परत रजा घेतली होती, शाळेला सुट्टी होती, आणि गच्चीवर दोऱ्याच दोऱ्या ताणल्या होत्या. खाली दहा घोडे न दमता पळत होते आणि वर एकशेवीस चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटची घडी पडली. अधीक्षकबाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी गठ्ठ्यातली मधलीच एक चादर ओढून काढली, उघडली, उजेडात धरली, तिचा कोपरा चिमटीत धरून पाहिला, आणि मग ती परत घडी घातली. चारही कोपरे पाकिटासारखे. आत्याने शिकवले होते तसेच.

“पुढच्या सोमवारपासून रोज,” त्या म्हणाल्या. आत्याने वही पुढे केली आणि त्यांची सही घेतली.

आता उरलं एकच काम. केसपेपर यंत्राच्या वरच्या भिंतीवर टांगायचा, कारण रुग्णाच्या उशाशी तो असलाच पाहिजे. बाबांनी हातोडी घेतली. आईने स्टूल धरलं, आत्या डावीकडे-उजवीकडे सांगायला उभी राहिली, आणि काकाही नव्या उजळलेल्या विजारीत मागे येऊन थांबले. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. बाबांनी वरूनच हात पुढे केला.

“भोपळे,” ते म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली, तिच्या खऱ्या नावाने, जरा अडखळत, नव्या चपला घालून चालावं तसं. “तिसरा खिळा दे गं.”

तिने दिला. तो सरळ गेला.

आत्याने टाचा उंचावून केसपेपर टांगला. मग खिशातलं लाल पेन काढून, निदानाच्या ओळीवर ‘उपासमार’ आणि उपचाराच्या ओळीवर ‘भागाकार’ असं लिहिलं, आणि सहीसाठी पेन भाचीच्या हातात दिलं.